मिनिटाला नव्वद

आईच्या हाताला रात्री मुंग्या यायच्या. दोन-अडीचच्या सुमाराला ती उठून बसायची आणि उजवा हात झटकत राहायची, थर्मामीटर झटकतात तसा, आणि मी बाजूच्या खोलीतून तो आवाज ऐकायचो आणि कूस बदलून झोपायचो. हे दोन वर्षं चाललं. शेवटी हडपसरला डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले मनगटातली नस दाबली जातेय, मूठ आवळायचं काम कमी करा. आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही. दिवे घाट चढून वर आल्यावर एवढंच म्हणाली, "आरं, मूठ नाय आवळायची तर शेळ्यांची धार कोण काढणार?"

आमच्याकडे तेव्हा दुधातल्या सोळा शेळ्या होत्या. मी एकदा मुद्दाम बसून मोजलं होतं, लिटरभर दूध काढायला दोन्ही हात मिळून दीडशेच्या आसपास वेळा मूठ आवळावी लागते. सोळा शेळ्या, सकाळ-संध्याकाळ. हिशोब करा. आणि आई मुठीनेच काढते, अंगठा दुमडून कधी नाही, कारण अंगठ्याच्या हाडाने सडाला आतून इजा होते हे तिला तिच्या सासूने शिकवलेलं. म्हणजे शेळीला त्रास नको म्हणून जी पद्धत धरली तिनेच तिचं मनगट खाल्लं. हे मला फार उशिरा कळलं आणि अजून टोचतं.

आम्ही सासवडच्या पुढे राहतो, मी भोसरीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, रोजचं जाणं-येणं. शेळ्या पूर्वी घरापुरत्या होत्या, संगमनेरी. पुणे, नगर, नाशिक या पट्ट्यातली आपली जात, काटक, पण दूध लिटरभराच्या आतबाहेर. उस्मानाबादीचंही तसंच, जुळी देते, मटणाला चांगली, पण दुधासाठी म्हणून कुणी पाळत नाही. मग यवतच्या बाजारातून दोन बीटल आणल्या, पंजाबकडची लांब कानाची जात, त्यांच्या पाटी, म्हणजे मादी करडं, ठेवल्या, आणि हळूहळू दूध वाढत गेलं. आता पुण्यात पंधरा-वीस घरी आमचं दूध जातं. खरं सांगतो, कुणाकडे चार-पाच संगमनेरी असतील आणि बोकड विकायचाच धंदा असेल तर धार काढायच्या मशीनच्या नादी लागू नका, धुण्यातच जास्त वेळ जातो. पण दहा-बाराच्या वर दुधाच्या शेळ्या असतील आणि धार काढणारं माणूस एकच असेल, तर त्या माणसाच्या हाताकडे एकदा बघा.

मशीन आलं ते चार खोक्यांतून. अंगणात पोतं अंथरून सगळं मांडलं. मोटर आणि व्हॅक्यूम पंप, एक टाकी, रेग्युलेटर, घड्याळासारखा गेज, स्टीलची बादली, तिच्या झाकणावर बसणारा पल्सेटर, नळ्या, दोन्ही कपांचं दूध जिथे एकत्र येतं तो क्लॉ, आणि सडाला लावायचे दोन कप. शेळीला सड दोनच, त्यामुळे कपही दोन. मला वाटलं होतं अवघड असेल पण माझ्यासारख्याला यात काही नवं नव्हतं. पंप हवा ओढतो, टाकीत निर्वात साठतो म्हणजे ओढ एकसारखी राहते, रेग्युलेटर ती ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ देत नाही. कंपनीत याहून मोठ्या लाईन रोज बघतो. पंप मी शेडच्या बाहेर भिंतीमागे बसवला, आवाज आणि तेलाचा धूर शेळ्यांपाशी नको म्हणून, भिंतीतून पाईप आत घेतला, प्रत्येक सांध्याला टेफलॉन टेप, मग कपांची तोंडं बुचांनी बंद करून पंप चालू केला आणि गेजचा काटा हलतोय का बघत बसलो. काटा ठाम होता. लीक नाही. मी खूश.

कप मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. बाहेरून स्टीलची नळी आणि आत रबराची, तिला लायनर म्हणतात. सड लायनरमध्ये जातो. लायनरच्या आत ओढ कायम असते. पण स्टील आणि रबर यांच्यामधली जी जागा आहे तिथे पल्सेटर एकदा ओढ सोडतो आणि एकदा बाहेरची हवा. ओढ असली की रबर उघडं राहतं, दूध येतं. हवा आली की रबर मिटतं, सडाला दाबून धरतं, आणि तेवढ्यात सडात उतरलेलं रक्त माघारी जातं. टक-टक, टक-टक असा जो आवाज येतो तो हा. सुरुवातीच्या काळात हे नव्हतंच. १८८९ च्या सुमाराला स्कॉटलंडमध्ये मर्चलंड नावाच्या माणसाने सलग ओढीचं मशीन काढलं होतं, पण सलग ओढलं की सडात रक्त साकळतं, जनावर उभं राहत नाही. मग १८९५ मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्सने ओढ थांबवत थांबवत देणारं मशीन आणलं. म्हणजे मशीनच्या हातात दूध यायला लागलं ते ओढता आलं म्हणून नाही, मधेच सोडता यायला लागलं म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं. वाचलेलं होतं. तरी मी चूक केली.

ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याने सेटिंग करूनच दिलं होतं, गेजवर लाल खूण करून. पन्नास किलोपास्कल. मी तो आकडा तसाच ठेवला कारण मशीन देणाऱ्याला कळत असणार असं धरून चाललो. पन्नास म्हणजे गाईलाही वरच्या अंगाला. शेळीला छत्तीस ते चाळीसच्या मध्ये पुरतं, पारा-इंचाचा गेज असेल तर अकरा-बारा इंच. पल्सेटरही गाईच्या चालीवर होता, मिनिटाला साठ. शेळीला नव्वदच्या आसपास लागतो. आणि मी पहिला आठवडा आईला मशीनला हातच लावू दिला नाही, म्हटलं तू आराम कर, हे माझं काम आहे.

तिसऱ्या दिवशी मैना नावाची शेळी पाय झाडायला लागली. मला वाटलं सवय नाही. पाचव्या दिवशी कप काढल्यावर सडाचं टोक लालभडक आणि बुडाशी गोल वळ, बोटात घट्ट अंगठी घातल्यावर पडतो तसा. सहाव्या दिवशी आई न विचारता शेडमध्ये आली, मैनेच्या कासेखाली हात घातला आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, "उजवी बाजू गरम हाय." काळ्या वाटीत पहिली धार काढली तर दुधात फुटक्या दह्यासारख्या गाठी. दगडी, म्हणजे कासेची सूज. माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टर आले, सडातून ट्यूब सोडली, इंजेक्शनं दिली, औषधाचा अंश जाईपर्यंत तिचं दूध कुणाला द्यायचं नाही सांगितलं, आम्ही ओतून दिलं. मैना वाचली, कासही राहिली, पण उजव्या बाजूचं दूध पहिल्यासारखं पुन्हा आलं नाही. आई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी सगळं परत खोललं आणि आईला शेजारी बसवलं. मशीनवाले लोक लायनरमध्ये अंगठा घालून दाब बघतात, तसं मी तिला म्हटलं, आई, यात अंगठा घाल आणि सांग कसं वाटतंय. पन्नासवर पंप चालू होता. तिने अंगठा घातला, लगेच काढून घेतला. अंगठ्याचं पेर लाल.

"हे करडू हावरं हाय," ती म्हणाली. "असलं करडू शेळी जवळ घेत न्हाई."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मला सगळा वेळ वाटत होतं की हे मशीन आईच्या हाताची जागा घेणार. पण हात तसं काही करतच नाही. हात वरून मुठीत दाबतो आणि दूध बाहेर ढकलतो. ओढून घेतं ते करडू, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये सड धरून, ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. आणि शेळी मरून गेली किंवा तिळं झालं की त्या करडांना बोटाला दूध लावून चाटवत चाटवत पाजायला शिकवणारी आमच्या घरात एकच बाई. चाळीस वर्षांत किती करडांनी तिचं बोट चोखलं असेल. करडू किती जोरात आणि किती वेळा ओढतं हे तिच्या अंगठ्याला माहीत होतं, आणि मी तिला खाटेवर आराम करायला बसवलं होतं.

मग आम्ही दोघांनी सेटिंग केलं. मी रेग्युलेटरचा नट फिरवायचो आणि ती अंगठा घालून बसायची. पंचेचाळीस. "अजून." बेचाळीस. "जरा अजून." अडतीसवर आल्यावर तिने डोळे मिटले आणि थोडा वेळ तसाच अंगठा राहू दिला. "हां. पोट भरत आलेलं करडू." मी गेज बघितला आणि त्यावर खिळ्याने नवी खूण केली. पल्सेटरचा स्क्रू फिरवत फिरवत चाल वाढवली, मोबाईलवर अर्धा मिनिट लावून टक-टक मोजली, पंचेचाळीस झाली म्हणजे मिनिटाला नव्वद. तिला आकड्याशी घेणं नव्हतं, ती नुसती मान हलवत होती तालावर, काकड्याला बसल्यासारखी.

बाकीचं बरंचसं तिनेच लावलं. शेळ्यांना आवाजाची सवय व्हावी म्हणून चार-पाच दिवस मशीन नुसतंच चालू ठेवायचं आणि त्या वेळेला मक्याचा भरडा टाकायचा, ही तिची कल्पना, आणि आठवड्यात अशी गत झाली की पंप सुरू झाला की शेळ्या स्वतःहून ओट्यापाशी यायच्या. ओटा मी लाकडी केलाय, गुडघ्याच्या थोडा खाली, पुढे मान अडकवायची फट आणि खुराकाचं घमेलं. पहिल्या दोन-तीन धारा हाताने काळ्या वाटीत, गाठ दिसली तर मशीन लावायचंच नाही. सड पुसून कोरडे करायचे, मग कप. शेळीचं बरंचसं दूध कासेच्या खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे पान्ह्यासाठी गाईएवढी वाट बघावी लागत नाही, दोन मिनिटांत काम होतं. नळी पारदर्शक आहे, धार बारीक झाली की दिसते, तेव्हा आधी ओढ बंद करायची, क्षणभर थांबायचं, कप आपोआप हातात येतात. ओढ चालू असताना कप खेचून काढायचा नाही, कधीच नाही. शेवटी सड औषधात बुडवायचे आणि पुढे चारा टाकायचा, कारण धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी पूर्ण मिटत नाही आणि तेवढ्यात शेळी शेणात बसली तर दगडीला आमंत्रणच. आई हे चारा टाकायचं आधीपासून करत होती. का ते तिने कधी सांगितलं नव्हतं, "उभ्या राहत्यात" एवढंच.

धुण्याचंही तसंच. मेंटेनन्सवाला म्हणून माझा हात पहिला कढत पाण्याकडे गेला. तिने अडवला. दुधाची चरवी आधी कोमट पाण्याने विसळतात, एकदम कढत ओतलं की दूध भांड्याला चिकटून बसतं, आतला भाग शिजतो म्हणून. बरोबरच आहे, दुधातलं प्रोटीन उष्णतेने धरतं. म्हणून आधी कोमट, मग गरम पाण्यात सोडा, आणि आठवड्यातून दोनदा आम्लाचं पाणी, नाहीतर नळीत पांढरा खर धरतो. लायनर रबराचे, ते आतून चिरतात आणि चिरेत जंतू राहतात, म्हणून फाटायची वाट न बघता सहा महिन्यांनी बदलतो. यात पैसे वाचवू नका.

एकदा मात्र मला काही सापडेना. काटा अडतीसवर, चाल नव्वद, सगळं जागेवर, आणि कप सारखे निसटून पडत होते. पडलेला कप गवत, लेंड्या, काय मिळेल ते ओढून घेतो आणि बादलीभर दूध वाया जातं. मी पल्सेटर खोलला, पंपाचं तेल बघितलं, अर्धा तास गेला. आई ठमीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "घसा भरल्यावाणी आवाज येतोय." क्लॉला एक बारीक भोक असतं, सुईच्या अग्राएवढं, त्यातून थोडी हवा आत येते म्हणून दूध पुढे ढकललं जातं. ते वाळलेल्या दुधाने बुजलं होतं. दूध क्लॉमध्येच तुंबत होतं, सडापाशी मागे येत होतं. सुईने टोकरलं आणि एका क्षणात आवाज मोकळा झाला. आता ती सुई शेडच्या दाराला दोऱ्याने बांधलेली आहे.

लाईट जाते. त्याला इलाज मर्यादितच. टाकी मोठी घेतली आणि मागे हवा जाणार नाही असा व्हॉल्व्ह टाकला, त्यामुळे लाईट गेल्यावर चालू असलेली शेळी पुरी होते, पुढच्या हाताने. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर गुरगुरते आणि उचलत नाही, एकदा कपॅसिटर गेला तो बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या गल्लीत जाऊन आणला, तेव्हापासून एक जास्तीचा घरात ठेवतो. रविवारी दुपारी दुसरं काही काम नसेल तर सगळ्या नळ्यांवर एकदा हात फिरवतो.

पावसाळ्यात फोन वाढतात. डेंगी झाली, प्लेटलेट कमी झाल्या, शेळीचं दूध आहे का, आणि माणसं वाट्टेल तो भाव द्यायला तयार असतात. आम्ही रोजच्याच भावाने देतो आणि सांगतो की दुधाने प्लेटलेट वाढतात याला वैद्यकीय आधार नाही, डॉक्टरकडे आधी जा, आणि दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा आजार माणसाला येतो. धारोष्ण दूध अमृत असतं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, दूधच देत नाही.

येरवड्याच्या बाजूला एक आजोबा आहेत, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. आगाखान पॅलेसच्या जवळ राहतात. मशीन घेतलं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, गांधीजींनी दूध का सोडलं होतं माहिती आहे का तुला? मला फक्त ते शेळीचं दूध प्यायचे एवढंच माहीत होतं. तर म्हणाले, कलकत्त्याकडे गाई-म्हशींना फुंका घालून, म्हणजे मागून हवा फुंकून, शेवटचा थेंब काढायचे, त्या क्रूरपणाची त्यांना शिसारी बसली म्हणून दूधच सोडलं, पुढे आजारात मरणाच्या दारात गेले तेव्हा कस्तुरबांनी शेळीचं सुचवलं, आणि ते प्यायले पण आपण शपथेचा शब्द पाळला आणि अर्थ मोडला ही खंत त्यांना राहिली. मी तिथेच पायरीवर बसलो आणि त्यांना मैनेचं सगळं सांगितलं, पन्नास किलोपास्कलचं, वळाचं, गाठींचं. ऐकून घेतलं त्यांनी. शेवटी एकच विचारलं, आता थेंब राहिला तर राहू देतोस ना? म्हटलं, राहू देतो. थोडं दूध कासेत राहिलेलं परवडतं, रिकाम्या सडावर मशीन चालवलेलं परवडत नाही. बाटली आत घेतली त्यांनी.

आईच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले होते दाबलेल्या नसेला वेळ लागतो. पण रात्रीचं झटकणं महिन्यातून एखाद्या वेळेवर आलंय. सोळाची धार पाऊण तासात होते आणि तीही ओट्याशेजारी स्टुलावर बसून.

परवा शेडमध्ये शिरलो तर ती कप न लावता नुसतीच ऐकत बसली होती. "आज ढिलं चाललंय." मी मोबाईल काढून मोजलं. अर्ध्या मिनिटात एकेचाळीस. बाहेर गारठा होता, पल्सेटरच्या आत ओल धरली होती. मी स्क्रू फिरवायला गेलो, ती म्हणाली आधी पुसून तर बघ. पुसलं, आणि चाल आपोआप वर आली.

चांदीला अजून मशीन चालत नाही. म्हातारी झालीय, आवाज आला की अंग आकसून घेते आणि दूध वर ओढते. तिला सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं, पंप बंद करून. आई ओट्यावर तिला चढवत पण नाही, खालीच बसते, डोकं तिच्या कुशीला टेकवते आणि डाव्या हाताने काढते.

"एवढी एक राहू दे मला," म्हणाली.

मी चरवी आणून दिली.